मदत हवी आहे: एमडीसीवर काम करणाऱ्या दादाने ग्लुटाथायोनच्या गोळ्या घ्याव्यात का?

अबोली_भोसरी:
नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये आहे, तिथे रिजेक्ट झालेले जॉब आणि कोटिंग चढलेले हँगर एमडीसीच्या टाकीत बुडवून जुना थर काढतात. एमडीसी म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड, म्हणजेच डायक्लोरोमिथेन. टाकीचं झाकण दिवसभर उघडं, एक्झॉस्ट फॅन वर छताजवळ आणि तोंडाला फक्त रुमाल. संध्याकाळी डोकं जड झालेलं असतं. कुणीतरी सांगितलं की ग्लुटाथायोन (शरीरातच बनणारं अँटिऑक्सिडंट) घे, लिव्हर साफ होतं, तर आता महिन्याच्या गोळ्या आणल्यात आणि वर मला म्हणतो ऑक्सिमीटरवर ९८ दाखवतंय, तू काळजी नको करू.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलंय म्हणून वाचायला बसले तर भलतंच दिसलं. एमडीसी शरीरात दोन वाटांनी मोडतं म्हणे. एक वाट लिव्हरमधल्या सीवायपी२ई१ या एन्झाइमची, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दुसरी जीएसटीटी१ नावाच्या एन्झाइमची, ते ग्लुटाथायोन जोडतं. आम्हाला शिकवलं होतं की ग्लुटाथायोन जोडलं की विष निरुपद्रवी झालं आणि बाहेर पडलं. इथे मात्र जोडल्यावर जे बनतं त्याच्यावर एक क्लोरीन अजून शिल्लक असतो, तो सुटला की ते थेट डीएनएला चिकटू शकतं, आणि मोडलं तर फॉर्मल्डिहाइड! मग गोळ्या घेऊन आपण त्याच वाटेला माल पुरवतोय का? माणसांत खरंच असं होतं का? कृपया जाणकारांनी सांगा, मला खरंच भीती वाटतेय.

कडुनिंब:
ताई, तुम्ही बरोबर वाचलंय. साल्मोनेलाच्या ज्या जिवाणूत हे जीएसटीटी१ एन्झाइम मुद्दाम घातलं त्याच्यात एमडीसीने म्युटेशन (डीएनएतले बदल) खूप वाढली, म्हणजे बिघाड एन्झाइममुळेच होतो हे तिथे स्वच्छ दिसलं. १९८६ च्या अमेरिकन अभ्यासात उंदरांना दोन वर्षं २००० आणि ४००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) एमडीसी असलेल्या हवेत ठेवलं तेव्हा फुप्फुसात आणि लिव्हरमध्ये गाठी झाल्या. उंदरात हे एन्झाइम माणसापेक्षा बरंच जोरात चालतं, त्यामुळे उंदराचा धोका जसाच्या तसा दादाला लावू नका. पण माणसात ते असतंच, अगदी लाल रक्तपेशींतही. काही लोकांत या एन्झाइमचं जीनच नसतं, पण ते तपासून कामाला लावायचं वगैरे डोक्यात आणू नका, कार्बन मोनॉक्साइडची वाट त्यांनाही आहेच.

महत्त्वाचं हे की हवेत वाफ कमी असेल तर पहिली वाट बराचसा माल उचलते, वाफ वाढली की ती भरून जाते आणि उरलेलं दुसऱ्या वाटेला जास्त जातं. म्हणून उघड्या टाकीवर वाकून काम करणं सगळ्यात वाईट. जपानात ओसाकाच्या छपाईकामगारांमध्ये पित्तनलिकेचे कॅन्सर सापडले, ते प्रकरण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे मुख्य दोषी १,२-डायक्लोरोप्रोपेन, पण काही जण एमडीसीही वापरत होते. २०१४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) एमडीसी २ए गटात टाकलं, म्हणजे माणसात बहुधा कॅन्सरकारक.

गोळीतलं ग्लुटाथायोन बरंचसं आतड्यातच मोडतं, त्यामुळे गोळीनेच कॅन्सर होईल असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे एमडीसीपासून संरक्षण मिळतं हा समज चुकीचा आहे आणि तो मोडायलाच हवा, कारण गोळी घेतली की माणूस टाकीजवळ निर्धास्त होतो. आणि साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ओळखत नाही, त्याला ते ऑक्सिजनवालंच वाटतं! ९८ वर अजिबात विसंबू नका. डॉक्टरांना कामाचं नीट सांगा आणि कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची (म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनची) रक्ततपासणी शिफ्ट संपल्यावर लगेच करून घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नको. दादा सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा, त्याने आकडा आधीच वाढलेला असतो.

सेफ्टीवाला_तारापूर:
कडुनिंब यांच्याशी सहमत. रुमालाचा शून्य उपयोग, आणि काळ्या कार्ट्रिजचा मास्कही एमडीसीला टिकत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. साधे नायट्राइल ग्लोव्हज काही मिनिटांत आरपार. एमडीसी ४० डिग्रीला उकळतं आणि वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, म्हणून छताचा फॅन कामाचा नाही, टाकीच्या काठालाच सक्शन हवं. आणि टाकीत उतरून गाळ काढायला सांगितलं तर सरळ नाही म्हणायचं, तिथे बेशुद्ध होऊन माणसं दगावतात. अमेरिकेत २०२४ पासून बहुतेक वापरांवर बंदीचा नियम आलाय.

अबोली_भोसरी:
दोघांचे मनापासून आभार. दादाला आत्ताच धागा वाचायला दिला, गोळ्या थांबवतो म्हणाला आणि शनिवारी शिफ्टनंतर रक्त द्यायला जातोय. मालकांशी बोलायला तो तयार आहे पण ते विचारणार, मग कोटिंग काढायचं कशाने? बेंझिल अल्कोहोलवाला स्ट्रिपर असतो असं वाचलं, तो पावडर कोटिंगवर चालतो का, गरम करावा लागतो का, आणि पुणे-पिंपरीत कुणी वापरत असेल तर एका टाकीला साधारण किती खर्च येतो ते कृपया सांगा.