स्मार्ट दुर्बिणीमुळे आकाशदर्शन सोपं झालं की पोकळ?

रोहिणी: हल्ली आकाशदर्शनाला निम्मी मंडळी स्मार्ट दुर्बीण घेऊन येतात. मोबाइलवर 'एम ३१' निवडलं की दुर्बीण आपोआप वळते, फोटोंवर फोटो रचते आणि देवयानी दीर्घिका स्क्रीनवर हजर! पण ती डोक्यावर नेमकी कुठे आहे विचारलं, तर बोट दाखवता येत नाही. महाश्व तारकासमूहातल्या चौकोनापासून एकेक तारा धरत तिथवर पोचायची वाट अंगवळणी पडली की ती जन्मभर पुरते. नव्या मुलांना पहिलं वर्ष साध्या दुर्बिणीवरच शिकवावं.

गच्चीवाला: अजिबात पटलं नाही, रोहिणीताई. तुम्हाला वांगणीचा अंधार मिळतो, मी पुण्यात राहतो. सप्तर्षींतल्या मरीचीपासून एम ५१ ही दीर्घिका फक्त साडेतीन अंशांवर, पण इथून मधले तारेच दिसत नाहीत, तर वाट कुठली शोधू? ५० मिलिमीटरच्या सीस्टार या माझ्या स्मार्ट दुर्बिणीने गच्चीवरून त्या दीर्घिकेचे सर्पिल हात दाखवले. बाबांची नजर अधू झालीय. त्यांनी ते मोबाइलवर मोठे करून पाहिले. त्यांना काय सांगू, आधी वर्षभर तारे शिका?

रोहिणी: बाबांचं सोडा हो, त्यांना कोण अडवेल? मी चांगल्या नजरेच्या पोरांबद्दल बोलतेय.

काचकाम: मी दुर्बिणीचे आरसे घासतो. हा छंद मागे पडला तो स्वस्त तयार दुर्बिणींमुळे. कॉम्प्युटरने मला मदतच केली. आधी ८० नंबरची कार्बोरंडम पूड, मग बारीक, आणखी बारीक, शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येक पुडीचा आवाज निराळा, हाताला लागणारी ओढ निराळी. वक्र तपासायला १८५८ सालची फूकोची चाचणी. तिची आकडेमोड पूर्वी कागदावर तासन्‌तास चालायची, आता सॉफ्टवेअर लगेच आलेख काढतं. कड दबलीय हे ते सांगतं. ती सुधारायला किती जोर द्यायचा, हे तळहातालाच कळतं. यंत्राने मोजावं, त्याला माझी ना नाही. शोधायचं कामही त्यानेच केलं तर आपल्या वाट्याला काय उरलं? मी ताईंच्या बाजूने.

गच्चीवाला: उरतं की! अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून हौशी निरीक्षकांकडून चलताऱ्यांच्या, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदी गोळा करते. सीस्टारच्या फोटोंवरून ताऱ्याची तेजस्विता मोजता येते. तुलनेचे तारे निवडणं, ढगाने खराब केलेले फोटो बाजूला काढणं, हे सगळं मलाच करावं लागतं.

रोहिणी: नोंदींचा मुद्दा वजनदार आहे. असं काम करणाऱ्याच्या हाती यंत्र शोभतं. वर्षभराची अट मात्र मी सोडणार नाही.