इब्न खल्दून आणि करांचे गणित
राजघराणी ऐषारामाने बुडतात, एवढाच चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दूनच्या सिद्धांताचा सारांश अनेकदा दिला जातो. तो मला अपुरा वाटतो. १३७७ मधल्या ‘मुकद्दिमा’ या इतिहासावरच्या ग्रंथात त्याने करवसुलीचा विचार फार बारकाईने केला आहे. सत्ता मिळवणाऱ्या टोळीची एकजूट ताजी असते तेव्हा राज्यकर्त्यांच्या गरजा कमी, कर हलके, आणि म्हणून शेती-व्यापार वाढून खजिना भरतो. पुढे दरबाराचा आणि पगारी फौजेचा खर्च वाढला की कर चढत जातात, रयतेची कष्ट करण्याची उमेद खचते आणि दर वाढूनही वसुली घटते. सुलतान स्वतःच व्यापारात उतरला तर व्यापारी देशोधडीला लागतात, हेही तो बजावतो. राजघराणे साधारण तीन पिढ्यांत संपते हा त्याचा हिशेब ढोबळ आहे; करांचे विवेचन मात्र माघरेबच्या (वायव्य आफ्रिकेतल्या) दरबारांत प्रत्यक्ष चाकरी केलेल्या माणसाचे आहे.