आरएन, सीसीआरएन, सीआरएनए : परिचारिकेच्या नावापुढची अक्षरं मराठीत कशी लिहावीत?

शंका : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत अमेरिकेत आयसीयूत काम करणाऱ्या एका ताईंचा परिचय द्यायचा आहे. त्या सहीत ‘एमएसएन, आरएन, सीसीआरएन’ असं लिहितात. मी ‘उच्चशिक्षित प्रमाणित परिचारिका’ असं केलं, ते त्यांना पटलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : पटणार नाहीच. तीन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका ‘प्रमाणित’मध्ये कोंबल्यात. एमएसएन ही विद्यापीठाची नर्सिंगमधली पदव्युत्तर पदवी, एकदा मिळाली की आयुष्यभराची. आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, हा परवाना. एनसीएलईएक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तिथल्या राज्याचं नर्सिंग बोर्ड तो देतं आणि त्याशिवाय आरएन म्हणून काम करणं बेकायदा. सीसीआरएन मात्र ऐच्छिक आहे. गंभीर रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची तिथली संघटना ही परीक्षा घेते. तिला बसायच्या एका मार्गात आधीच्या २ वर्षांत अशा रुग्णांच्या थेट शुश्रूषेचे १,७५० तास भरावे लागतात, त्यांतले ८७५ अलीकडच्या वर्षातले. शिवाय दर ३ वर्षांनी नूतनीकरण. अनुभव आणि अभ्यास दोन्ही पणाला लावून टिकवलेली ही गोष्ट आहे, ती एका विशेषणात विरून जाऊ नये.

अक्षरांचा क्रमही यावरूनच ठरतो : जे कुणी काढून घेऊ शकत नाही ते आधी, जे मुदतीनं संपू शकतं ते शेवटी. मराठीतही तो मोडू नका.

मी असं लिहीन : ‘नर्सिंगमध्ये पदव्युत्तर पदवी; नोंदणीकृत परिचारिका; अतिदक्षता शुश्रूषेचं सीसीआरएन विशेष प्रमाणपत्र.’ सीसीआरएन फोडून सांगायच्या फंदात पडू नका. ती अक्षरं हेच नाव, तो संक्षेप नाही, असं ती संघटनाच सांगते. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांच्या सीएनओआरचंही तसंच. याउलट ओसीएन म्हणजे सरळ ऑन्कॉलॉजी सर्टिफाइड नर्स, तिथे ‘कर्करोग शुश्रूषेचं प्रमाणपत्र’ खुशाल लिहा.

दुसरी शंका : आरएनला ‘अधिपरिचारिका’ का नको? सरकारी रुग्णालयात तोच शब्द ऐकतो.

प्रतिसाद : कारण ते पद आहे. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही आपल्या सरकारी रुग्णालयांतली चढती पदं : स्टाफ नर्स, वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, मेट्रन. बढती झाली की पद बदलतं, नोंदणी तीच राहते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलं की आपल्याकडच्या परिचारिका ‘आरएन, आरएम’ लिहितात, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका (मिडवाइफ). जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही ३ वर्षांची पदविका आणि बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी, पण दोन्ही वाटांनी येणारी ‘आरएन’ होते. म्हणून नुसत्या आरएनवरून शिक्षण किती ते कळत नाही.

आपल्याकडे विशेष शिक्षण बहुधा अभ्यासक्रमातून येतं, जसा अतिदक्षता शुश्रूषेचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. त्याला ‘पदविका’ म्हणावं, सीसीआरएनला ‘प्रमाणपत्र’. दोन्हींत गल्लत झाली तर परदेशी अर्ज करणाऱ्या मुलींची कागदपत्रं चुकीच्या रकान्यात जातात. म्हणून मी याबाबत एवढी आग्रही आहे.

तिसरी शंका : मग सीआरएनएतलं ‘सर्टिफाइड’सुद्धा ऐच्छिकच का?

प्रतिसाद : नाही, आणि इथेच सगळे फसतात. सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट म्हणजे भूल देण्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका. तिला राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, त्याशिवाय त्या भूमिकेत उभं राहता येत नाही. शब्द तोच, वजन वेगळं. मराठीत ‘भूलतज्ज्ञ’ लिहिलं तर वाचकाला डॉक्टर वाटेल. ‘भूल देणारी प्रगत परिचारिका’ लिहा. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून निदान-उपचारही करणारी प्रगत परिचारिका, हे मात्र तसंच ठेवा. भारतीय परिचर्या परिषदेच्या २ वर्षांच्या एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) अभ्यासक्रमामुळे तो शब्द इथेही रुळतो आहे.

डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) झालेल्यांच्या नावामागे ‘डॉ.’ लावायला हरकत नाही, ती डॉक्टरेटच आहे. पण रुग्णालयाच्या संदर्भात त्याच वाक्यात ‘परिचारिका’ हा शब्दही यायला हवा.