मदत हवी आहे: फ्रँचायझी विमान कंपन्यांच्या ठिकाणांची यादी कशी लावावी?

गगनभेदी
ब्रिटिश एअरवेजच्या आजवरच्या फ्रँचायझी भागीदारांची ठिकाणं एका शीटमध्ये गोळा केली आहेत: कॉमएअर, सन-एअर, लोगनएअर, जीबी एअरवेज. दर कंपनीला एक टॅब. एकच विमानतळ तीन टॅबमध्ये येतो, बंद झालेली ठिकाणं कुठे टाकायची कळत नाही आणि बेरीज दर वेळी वेगळी येते. रचना सुचवा. कोडशेअरची ठिकाणं धरायची का?

धावपट्टी०९
कोडशेअर धरू नका. फ्रँचायझीत भागीदार स्वतःच्या परवान्यावर, स्वतःच्या जोखमीवर उडतो आणि नाव-रंग-कोड वापरायचे पैसे मोठ्या कंपनीला देतो. वेट लीजमध्ये विमान आणि कर्मचारी दुसऱ्याचे, पण जागा खपल्या नाहीत तर फटका भाड्याने घेणाऱ्याला. कोडशेअर म्हणजे दुसऱ्याच्या फेरीवर फक्त आपला नंबर. तिन्हींत तिकिटावर बीए (ब्रिटिश एअरवेजचा कोड) दिसू शकतं, घोळ तिथूनच सुरू होतो.

टॅब मोडा, एकच तक्ता करा. एक रांग म्हणजे विमानतळ + उडवणारी कंपनी + ब्रँड + कालावधी. उदाहरणार्थ स्कॉटलंडमधलं बारा (Barra) हे बेट घ्या (तेच, जिथे विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं आणि वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं). उडवणारी कंपनी कायम लोगनएअर, पण रांगा तीन: २००८ पर्यंत ब्रिटिश एअरवेज, मग ३१ ऑगस्ट २०१७ पर्यंत फ्लायबी, १ सप्टेंबर २०१७ पासून स्वतःचं नाव. त्यानंतर लोगनएअरच्या फेऱ्यांवर बीए नंबर दिसला तर तो कोडशेअर. तुमच्या यादीत फक्त पहिली रांग. ठिकाणं मोजताना रांगा मोजू नका, वेगवेगळे विमानतळ मोजा. बेरीज बहुतेक तिथेच चुकतेय.

शीटमास्तर
वरच्याला +१. दक्षिण आफ्रिकेच्या कॉमएअरमध्ये एक खड्डा आहे. त्याच कंपनीचा कुलुला हा स्वस्त ब्रँडही होता. कॉमएअरची सगळी ठिकाणं उचललीत तर जोहान्सबर्गजवळचं लान्सेरिया, जिथून कुलुला उडायची, ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात जमा होतं. म्हणून ब्रँडचा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

विमानतळाच्या ओळखीसाठी तीन अक्षरी आयाटा कोड एकटा पुरत नाही. डर्बनचा विमानतळ १ मे २०१० ला किंग शाका इथे हलला. आयाटा कोड डीयूआर तोच राहिला, चार अक्षरी इकाओ कोड मात्र एफएडीएन जाऊन एफएएलई आला. दोन्ही रकाने ठेवा, जुळणी इकाओवर करा. शहराचं नाव तर जुळणीला कधीच नको: पोर्ट एलिझाबेथचं २०२१ मध्ये गेबेर्हा झालं, कोड पीएलझेडच आहे.

गगनभेदी
सुटसुटीत झालं, धन्यवाद. शेवटची तारीख मिळत नसेल तर रकाना रिकामा सोडू का?

धावपट्टी०९
नाही. रिकामा म्हणजे 'चालू' की 'माहीत नाही', हे सहा महिन्यांनी तुम्हालाच सांगता येणार नाही. स्थितीचा वेगळा रकाना करा: चालू, हंगामी, बंद, तारीख अनिश्चित. नुसतं वर्ष माहीत असेल तर वर्षच लिहा, १ जानेवारी ठोकू नका. कॉमएअरचं सोपं आहे, ३१ मे २०२२ ला उड्डाणं थांबली. उघड्या राहिलेल्या सगळ्या रांगा त्याच तारखेला मिटवा.

शीटमास्तर
फ्लाइट नंबर चिकटवणार असाल तर आधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा, मग पेस्ट. आपल्या इंडिगोचा ६ई २०१ (6E 201) हा नंबर मधली जागा न सोडता टाकून बघा: एक्सेल E ला घातांक धरतं आणि त्याला सहावर २०१ शून्यं समजतं. ६ई ५०१ मात्र एक्सेलच्या मर्यादेपलीकडे जातो, म्हणून जसाच्या तसा राहतो. अर्धा कॉलम बरोबर दिसतो आणि बिघाड नजरेतून सुटतो. नंतर फॉरमॅट बदलून नंबर परत येत नाही.

गगनभेदी
यादी किती दिवसांनी तपासायची?

धावपट्टी०९
वर्षातून दोनदा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या. करारही बऱ्याचदा याच सांध्यावर संपतात: ईझीजेटने विकत घेतलेल्या जीबी एअरवेजची फ्रँचायझी मार्च २००८ अखेर, हिवाळी वेळापत्रकासोबतच संपली. तिच्या रांगा बंद करताना जिब्राल्टर 'बंद ठिकाण' म्हणून टाकू नका. तिथे पुढे ब्रिटिश एअरवेज स्वतः जायला लागली.