मराठी पॉप गायकांसाठी देशभरातून कौल: मतं कशी घ्यावीत, कशी मोजावीत?

सुगम_इंदूर:
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मंडळातर्फे यंदा ‘लोकप्रिय मराठी पॉप गायक’ हा पुरस्कार द्यायचं घाटतंय, चित्रपटगीतं वगळून. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई असा सगळीकडून ऑनलाइन कौल घ्यायचाय. गूगल फॉर्म पुरेल का? एकाच माणसाने दहा मतं टाकू नयेत आणि पुण्या-मुंबईच्या आकड्यांखाली बाकीची गावं दबू नयेत, यासाठी काय करावं?

माळवी_कानसेन:
पुरेल, पण त्यावर नजर हवी. एका व्यक्तीला एकच प्रतिसाद ही सेटिंग चालू केली की गूगल खात्यातून लॉग-इन करावं लागतं. मात्र एकेकाची चार-चार खाती असतात, त्यामुळे ही अर्धीच चाळणी. मोबाईल नंबर सक्तीचा ठेवा, शेवटी शीटमध्ये त्या रकान्यातले दुबार नंबर काढा आणि वेळेचा रकाना डोळ्यांखालून घाला. रात्री दोन ते तीनमध्ये एकाच गायकाला सलग पन्नास मतं दिसली, तर त्यांतल्या दहा-बारा नंबरांवर फोन लावायचाच. नंबर कशासाठी घेताय ते फॉर्मवर लिहा आणि निकालानंतर पुसून टाका.

ओटीपीच्या मागे लागू नका. तसे एसएमएस पाठवायला डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेत) संस्था, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, छोट्या मंडळाला ते जड जातं.

नावांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसेल अशी सोय फॉर्ममध्ये आहे, ती वापरा. नाहीतर वरच्या नावाला फुकटचा फायदा मिळतो. मतं चालू असताना आकडे दाखवू नका. कोण मागे आहे हे कळलं की चाहते शेवटच्या रात्री गठ्ठे टाकतात.

बडोदेकर:
इंडियन आयडॉलचं २००७ चं पर्व आठवा. एकाच फोनवरून कितीही मतं चालत. दार्जिलिंगच्या प्रशांत तामंगसाठी आणि शिलाँगच्या अमित पॉलसाठी वर्गण्या काढून एसएमएस झाले. लोकांचं प्रेम खरंच होतं, पण मोजली गेली ती संघटनेची ताकद.

म्हणून मतं थेट बेरजेत धरू नका. प्रत्येक शहराचा निकाल वेगळा लावा आणि पहिल्या तिघांना ५, ३, १ गुण द्या. समजा ‘क’ला पुण्यात ४,००० मतं पडली, पण इतरत्र तो पहिल्या तिघांत नाही: गुण ५. ‘ख’ पुण्यात दुसरा, इंदूर आणि बडोद्यात पहिला: गुण १३. यात एक भोक आहे. एखाद्या गावातून बाराच मतं आली, तर त्या बारा जणांच्या हाती पुण्याएवढं वजन जातं. किमान १०० मतांची अट ठेवा, आणि देवास, उज्जैन, धार इंदूरला जोडा. शहराचं नाव लिहून घेण्यापेक्षा पिनकोड मागा. पहिले तीन आकडे बघा: ४५२ इंदूर, ४७४ ग्वाल्हेर, ३९० बडोदा, लगेच गट पडतात.

जुनी_तबकडी:
मतांआधी यादी नीट करा, खरा घोळ तिथेच होतो. नामांकन मोकळं ठेवलंत तर एकच नाव पाच तऱ्हांनी लिहून येईल. ‘अजय-अतुल’ लिहिलं तर गायक म्हणून अजय गोगावले धरायचे का, हे आधी ठरवा. स्त्री-पुरुष एकाच यादीत का, हेही. फिल्मफेअरने १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो दोघांत मिळून एकच होता, १९६८ पासून दोन झाले. माझं मत दोनच ठेवावेत.

यूट्यूबच्या व्ह्यूजवर विसंबू नका, जाहिरात देऊन ते वाढवता येतात. १९५२ मध्ये रेडिओवर सुरू झालेल्या बिनाका गीतमाला या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमातही नुसत्या रेकॉर्ड-विक्रीवर भागेना, कारण दुकानातला साठा संपला की आकडा थांबायचा. म्हणून श्रोता संघांची पसंतीही धरली जाई.

बडोदेकर:
समारंभाचंही बघा. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवणार असाल तर पीपीएलचा (ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना विचारून घ्या. मंचावर कुणी गाणार असेल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था). आणि अंतिम यादीतल्या सगळ्यांकडून येण्याची तारीख मतदानाआधीच लेखी घ्या.