पावसाळ्यातील मॅक्रो छायाचित्रण : नवी बॉडी घ्यावी की लेन्स आणि फ्लॅश?

घाटमाथा :

मी कोल्हापूरला राहतो. येत्या जूनपासून आंबोली परिसरात बेडूक, कीटक आणि अळिंबी यांची जवळून छायाचित्रे घेण्याचा विचार आहे. सध्या माझ्याकडे कॅननची २००डी मार्क २ ही डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), तिच्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५५-२५० एसटीएम अशा दोन लेन्स आहेत. खर्चाची मर्यादा एक लाख रुपये आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की डीएसएलआरचे दिवस संपत आले असल्यामुळे हे सर्व विकून कॅननचीच आर८ ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घ्यावी आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून छायाचित्र घेणाऱ्या, लेन्सचा विचार पुढच्या वर्षी करावा. माझे बहुतेक काम रात्री आणि पावसात होणार आहे. अशा कामासाठी पैसे आधी कशावर खर्च करावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भिंगवाला :

दुकानदाराने सांगितलेला क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅक्रो लेन्स नसलेली फुल फ्रेम बॉडी हातात घेऊन आपण एक संपूर्ण पावसाळा आंबोलीत काढणार असाल, तर आज जे छायाचित्र मिळत नाही ते तेव्हाही मिळणार नाही. रात्रीच्या मॅक्रोमध्ये चित्र ठरते ते लेन्स किती जवळ जाऊ देते आणि प्रकाश किती मऊ पडतो यावर. सेन्सरचा क्रमांक त्यानंतर येतो.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. १:१ प्रमाणात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढीच उमटते तेव्हा, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/११ एवढे लहान ठेवूनही आपल्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यातच, लेन्स इतक्या जवळ फोकस करते तेव्हा तिचे परिणामी ॲपर्चर लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीला पोहोचते; एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ सारखे वागते आणि दोन स्टॉप प्रकाश हातचा जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. खोली वाढवण्यासाठी एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ होऊ लागते. अशा स्थितीत रात्री नुसत्या टॉर्चच्या उजेडावर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवत राहण्यापेक्षा फ्लॅश वापरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याची झळक इतकी क्षणिक असते की हाताचा कंप आणि वाऱ्याने हलणारे पान हे दोन्ही जागीच गोठतात. आणि एकदा सर्व प्रकाश फ्लॅशचाच असला, की फुल फ्रेमचा उच्च आयएसओमधला जो मुख्य फायदा आहे तो आपल्या फारसा उपयोगी पडत नाही. बॉडी मॅन्युअलवर, शटर १/२००, ॲपर्चर एफ/११ आणि आयएसओ २०० ते ४०० यांपासून सुरुवात करावी.

लेन्स म्हणून कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो यूएसएम पाहावी. ती २००० सालची रचना असून वापरलेली सहज मिळते. २००९ साली आलेल्या एल मालिकेतील १०० मिमी लेन्समध्ये कंपनियंत्रण आणि पावसापासून संरक्षण आहे. पण कॅननच्याच सांगण्यानुसार ते नियंत्रण सर्वसाधारण अंतरावर चार स्टॉपचे असले तरी १:१ ला दोन स्टॉपांवर येते, आणि आपली बॉडी सीलबंद नसल्यामुळे लेन्सच्या सीलचाही पूर्ण लाभ मिळत नाही. फ्लॅश वापरणाऱ्याने साधी आवृत्ती घेऊन उरलेले पैसे प्रकाशावर खर्च करावेत. टॅमरॉनची ९० मिमीही उत्तम आहे. मात्र कॅननची ईएफ-एस ३५ मिमी मॅक्रो टाळावी, कारण १:१ ला तिच्या पुढच्या काचेपासून विषय जेमतेम तीन सेंटीमीटरवर येतो आणि तेवढ्या जवळ गेल्यावर बेडूक थांबत नाही, शिवाय लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. १०० मिमीला हेच अंतर सुमारे १३ ते १५ सेंटीमीटर मिळते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. २००डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवण्याच्या वरच्या खाचेत, मधली पिन दिलेली नाही. त्या पिनवरच चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून चालवणारी उपकरणे) या बॉडीवर चालत नाहीत. कॅननच्या ई-टीटीएल (कॅमेरा स्वतःच फ्लॅशची ताकद ठरवतो त्या) पद्धतीशी जुळणारा फ्लॅशच घ्यावा, आणि तोही दुकानात स्वतःच्या बॉडीवर लावून, प्रत्यक्ष चालवून पाहूनच पैसे द्यावेत.

फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर विकत घेण्याची घाई नको. पांढऱ्या फोमच्या पातळ शीटची वळवलेली पाटी लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणून बसवली, तरी ओल्या त्वचेवरचे चमचमते पांढरे ठिपके पुष्कळ सौम्य होतात. बेडकाची त्वचा ओली असल्यामुळे प्रकाशस्रोत जितका लहान, तितका तो ठिपका कठोर. म्हणून पाटी विषयापेक्षा बरीच मोठी आणि शक्य तितकी जवळ हवी.

सोनकी :

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु मिररलेसची बाजू इतक्या सहज निकालात काढू नये. आर८ मध्ये फोकस ब्रॅकेटिंगची (फोकस थोडा थोडा सरकवत ओळीने छायाचित्रे घेण्याची) सोय बॉडीतच आहे, आणि ट्रायपॉडवर स्थिर राहणाऱ्या अळिंबीची पंधरा-वीस छायाचित्रे घेऊन ती एकत्र करणाऱ्याला तिचा खरा उपयोग होतो. २०२१ साली आलेली आरएफ (कॅननच्या मिररलेस बॉडींसाठीची) १०० मिमी मॅक्रो तर १.४ पटीपर्यंत जाते. अडचण एवढीच की ती लेन्स आणि ती बॉडी मिळून एक लाखात बसत नाही. डीएसएलआरसाठीची ईएफ लेन्स मात्र कॅननच्या ॲडॉप्टरने आरएफ बॉडीवर पूर्ण ऑटोफोकससह चालते. त्यामुळे आज घेतलेली १०० मिमी पुढे मिररलेसकडे गेल्यावर वाया जाणार नाही. हलत्या बेडकावर ब्रॅकेटिंगचा उपयोग नाही, हे मात्र भिंगवाला यांच्या बाजूने नोंदवतो.

मुसळधार पावसात जायचेच असेल, तर ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा १५ मीटर पाण्यातही चालणारा छोटा कॅमेरा विचारात घ्यावा. मायक्रोस्कोप मोडमध्ये तो काचेपासून एक सेंटीमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो. सेन्सर अगदी लहान असल्यामुळे चित्राचा दर्जा डीएसएलआरच्या तोडीचा नसतो, पण बॅग उघडण्याचीही सोय नसलेल्या पावसात तोच एक कॅमेरा हातात राहतो.

घाटमाथा :

आपणा दोघांचे आभार. हॉट शूची बाब दुकानदाराने सांगितली नव्हती. आणखी दोन शंका आहेत. लेन्स घेण्यापूर्वी मला हा प्रकार जमतो की नाही, हे कमी खर्चात पाहता येईल का? आणि मलबारी चापड्यासारखा विषारी साप समोर आला तर १०० मिमी पुरेशी सुरक्षित आहे का?

भिंगवाला :

पहिल्या शंकेचे उत्तर रेनॉक्स डीसीआर-२५०. हे आठ डायॉप्टर ताकदीचे भिंग चिमट्याने लेन्सच्या पुढे बसते आणि ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर आट्यांवर चालते. आपल्या ५५-२५० चा आटा ५८ मिमीचा आहे. ५५ वर साधारण अर्धे आणि २५० वर जवळपास दुप्पट प्रमाण मिळते, विषय मात्र नेहमी सुमारे १२ सेंटीमीटरवरच हवा. कडा मऊ येतात, पण शिकण्यासाठी ती तक्रार करण्याजोगी बाब नाही.

सापासाठी रेनॉक्स काढून ठेवावे आणि ५५-२५० नुसती वापरून लांबूनच काढावे. आपल्या बॉडीचा पडदा बाहेर वळतो, त्यामुळे चिखलात पालथे न पडता कॅमेरा खाली धरता येतो. मात्र त्या वेळी हात कुठे टेकतो आहे, याकडे लक्ष असावे. उडत्या बेडकाचे पाण्यावर टांगलेले फेसाचे घरटे दिसले, तर चौकट मोकळी करण्यासाठी आजूबाजूची पाने तोडू नयेत. डीट हे रसायन असलेले, डास दूर ठेवणारे मलम हाताला लावून कॅमेऱ्याला किंवा बेडकाला स्पर्श करू नये. ते प्लास्टिक आणि ग्रिपचे रबर खराब करते, तर बेडकाची त्वचा ते शोषून घेते.

तेरवण :

मी सावंतवाडीचा, म्हणून फक्त साठवणीबद्दल लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग लेन्सची गोष्ट वेगळी कशी असेल? हवेतील आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत काचेवर बुरशीचे जाळे धरू लागते आणि ते उशिरा लक्षात आले तर काचेवरील लेप कायमचा जातो. वापरलेली लेन्स घेतानाही मागून टॉर्च मारून आत पाहावे.

इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घेता आले तर उत्तम. नाहीतर रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी, ३० च्या खाली नको. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरावेत, पण ती कढई नंतर स्वयंपाकात वापरू नये. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. एसी गाडीतून घाटावर उतरताच बॅग उघडली तर काचेवर बाष्प धरते. पंधरा-वीस मिनिटे ती बंदच राहू द्यावी. घरी आल्यावर मात्र ओली बॅग बंद ठेवू नये. कॅमेरा आधी सुती पंच्याने टिपून पंख्याखाली ठेवावा आणि मगच डब्यात जाऊ द्यावा.