चिऱ्यांच्या ट्रकला टायर १६ पीआर (प्लाय रेटिंग) की १८ पीआर? हवा किती?

डिचोलीकर:
दादांनो, १०.००आर२० मापाचे रेडियल टायर घ्यायचेत, चिरे नि रेती मारतो, महिन्यातनं दोनदा अनमोड घाट. दुकानदार म्हणतो १८ पीआर घे, खर्च वाढतो, गरज आहे का? आणि मागच्या जोडीत (एका बाजूला दोन टायर) हवा किती ठेवू?

उसगांवचा टिपरवाला:
भाऊ, पीआर म्हणजे आत तेवढे थर असतात असं नाही हां, रेडियलला ते फक्त ताकदीचं माप. टायरच्या कडेला लोड इंडेक्स (किती वजन झेपतं त्याचा आकडा) बघ. १६ पीआरवर साधारण १४६/१४३ असतं, म्हणजे एकटा ३००० किलो, जोडीत २७२५, ते पण १२० पीएसआय हवेला, थंड टायरवर. पासिंगएवढाच (कायद्याने ठरलेला) माल असेल तर १६ भरपूर झाला. १८ वाल्याला पूर्ण वजनासाठी १३५ लागतात, रिम तेवढी सोसणारी आहे का ते आधी विचार, नाहीतर जास्तीचे पैसे कशाला घालतोस.

फोंडा गॅरेज:
बरोबर. पण खरा घात जोडीतल्या आतल्या टायरात होतो, त्याचा वॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून कोण बघतच नाही, तो बसला की सगळं वजन बाहेरच्यावर, तो तापतो नि फुटतो. वॉल्व्हला एक्स्टेन्शन (लांब नळी) लाव आणि सकाळी गाडी काढायच्या आधी गेज लाव, लाकडाने ठोकून कळत नाही. घाट उतरल्यावर प्रेशर वाढलेलं दिसेल, म्हणून हवा सोडू नकोस कधी! थंड झाल्यावर कमी पडते.

डिचोलीकर:
थँक्यू दादा, १६ च घेतो, एक्स्टेन्शन उद्याच बसवतो.